हिल्डाच्या अंगठीतले शिक्के

बर्मिंगहॅमच्या हॉकली या सोनारांच्या भागात हॉरेस टाँक्सच्या हातात हात द्यायला लोक बिचकत. माणूस वाईट नव्हता, हातही स्वच्छ असायचे, पण एकदा हात धरला की तो सोडतच नसे. बोलता बोलता त्याचा अंगठा समोरच्याच्या अंगठीवर फिरायचा, मग तो म्हणायचा, "काढ बघू जरा." समोरचा नको म्हणेपर्यंत अंगठी बोटातून निघून त्याच्या भिंगाखाली गेलेली असायची.

"वरून काय बघायचंय? वरून सगळंच चमकतं," तो म्हणे. "आतून बघायचं. हा जहाजाचा नांगर, म्हणजे आपल्या बर्मिंगहॅमच्या सोनं पारखायच्या कचेरीत तपासलेली. हा मुकुट आणि हे बावीस, म्हणजे बावीस कॅरेट. हे अक्षर सालाचं, दर साली बदलतं. आणि ही अक्षरं घडवणाऱ्याची. कोणी बनवली, कधी बनवली, सोनं किती, सगळं इथं लिहिलेलं असतं. माणसाच्या कपाळावर असं काही लिहिलेलं असतं का?"

समुद्र इतका लांब आणि शहराची खूण म्हणे नांगर, याचं तिथं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते हॉरेसच्या तोंडाला लगाम नसल्याचं. रूबेन पार्डो हा त्याचा कारखान्यातला शेजारी. व्हाइस स्ट्रीटवरच्या त्या माळ्यावर दोघांची मेजं इतकी जवळ होती की एकाची कानस दुसऱ्याच्या कोपराला लागे. रूबेनच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कोपऱ्यावरच्या पबात सगळे जमले, तेव्हा हॉरेसने रूबेनच्या बायकोचा, मेबलचा, हात धरला. अंगठी काढली, दिव्याखाली नेली आणि भर मैफलीत म्हणाला, "नऊ कॅरेट. छान घडवलीय हं, पण नऊच."

रूबेनने मेबलला अठरा सांगितले होते. पबात ती हसली सुद्धा. घरी मात्र रूबेनच्या ताटात बरेच दिवस थंड मटण येत राहिलं. रूबेनने हॉरेसशी भांडण केलं नाही. तो फक्त अधूनमधून शेजारच्या मेजावरून विचारी, "काय रे लेका, हिल्डाची अंगठी कधी दाखवतोस?"

"ती काढत नाही," हॉरेस म्हणे आणि कानस जरा जोरात चालवू लागे.

हिल्डा म्हणजे हॉरेसची बायको, आणि ती अंगठी काढत नसे हे खरंच होतं. लग्नाच्या दिवशीच हॉरेसने तिला सांगितलं होतं की आमच्या घराण्यात बायकोच्या बोटातली अंगठी एकदा चढली की उतरवत नाहीत, उतरवली की नवरा जातो. असं काही त्याच्या घराण्यात नव्हतं. त्याच्या आईची अंगठी तर कपडे धुताना खिडकीत पडलेली असे. पण सांगताना त्याचा चेहरा इतका गंभीर झाला होता की हिल्डाच्या दोघी बहिणींनीही त्या दिवसापासून अंगठ्या काढणं बंद केलं. पुढे ते गल्लीभर पसरलं. नव्या लग्न झालेल्या पोरींना म्हाताऱ्या बायका ते बजावून सांगू लागल्या, आणि आपणच सोडलेली ही थाप कुणाकडून तरी परत ऐकताना हॉरेस मान डोलवत असे.

थाप सोडण्याचं कारण एकच होतं. हिल्डाच्या अंगठीत आत काहीच नव्हतं. नांगर नाही, मुकुट नाही, बावीस नाही. कोरी करकरीत.

एकोणीसशे सव्वीस सालच्या उन्हाळ्यात कारखान्यांत काम नव्हतं, आणि त्याआधीच हॉरेसने हिल्डाच्या बहिणींसमोर छाती फुगवून सांगून ठेवलं होतं की माझ्या बायकोला मी बावीस कॅरेटचीच घालणार. लग्न तोंडावर आलं तेव्हा त्याने मेलेल्या बापाच्या घड्याळाची साखळी, मावशीची मोडकी ब्रोच आणि एक एकटी कफलिंक, असं सगळं मुशीत घालून वितळवलं आणि स्वतःच्या हाताने अंगठी घडवली. सुरेख घडवली. पण त्यात किती कॅरेट सोनं आहे हे देवालाच ठाऊक, आणि ती तपासायला कचेरीत पाठवायची त्याची छाती झाली नाही. कमी कसाचा दागिना तिथं ठोकून चपटा करून परत देत. म्हणून त्याने ती तशीच हिल्डाच्या बोटात घातली आणि 'बावीस' म्हणाला.

त्यानंतर तो गावाच्या अंगठ्या वाचत सुटला. आता हे तो आपलं बिंग झाकायला करायचा, की त्याला खरंच आवड होती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दोन्ही असावं. इतकं मात्र खरं की हॉकलीत इतक्या बायकांच्या अंगठ्या आतून पाहिलेल्या या माणसाने आपल्या बायकोच्या अंगठीकडे लग्नानंतर एकदाही नीट बघितलं नव्हतं. बघवतच नव्हतं त्याला.

एकसष्ट सालच्या सप्टेंबरात हिल्डा स्वयंपाकघरात ब्लॅकबेरीचा जॅम करत बसली होती. खिडकी उघडी होती, फळांच्या वासाने गांधीलमाश्या आत येत होत्या आणि हॉरेस वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन त्यांच्याशी युद्ध खेळत होता. त्याने एकीला मारायला गुंडाळी आपटली, ती चुकली, आणि चिडलेली गांधीलमाशी सरळ जाऊन हिल्डाच्या डाव्या हाताला चावली. तेही नेमकं अंगठीच्या बोटाला.

"मारलीस का?" हिल्डाने विचारलं.

"नाही. उडाली."

"वाटलंच मला."

व्हिनेगर चोळलं, थंड पाण्यात हात बुडवून ठेवला. पण बोट सुजत गेलं आणि अंगठी मांसात रुतू लागली. हॉरेसने साबण लावला, मग डुकराची चरबी लावली, मग दोरा गुंडाळून पाहिला. म्हणजे लावलं त्याने सगळं, पण ओढत नव्हता. नुसतं बोट धरून बसे आणि म्हणे, "नाही निघत गं."

"तू ओढतोयस की कुरवाळतोयस?" हिल्डा म्हणाली. बोटाचं टोक आता जांभळं दिसत होतं. "सोड. कापावी लागणार. चल, कारखान्यात जाऊ."

"हॉस्पिटलात जाऊ या," हॉरेस म्हणाला.

हिल्डा त्याच्याकडे बघत राहिली. दारात बोट चिमटून नख निघालं तेव्हाही जो हॉस्पिटलात गेला नव्हता, तो हा. "अंगठी कापायला हॉस्पिटल?" ती म्हणाली. "मी अंगठ्यांच्या कारखान्यात पुडक्या बांधत बारा-तेरा वर्षं घालवली, तू जन्मभर अंगठ्या घडवल्यास, आणि माझी अंगठी आता कुणी नर्स पत्रा कापायच्या कात्रीने कापणार? लोक शेण घालतील तोंडात. कोट घाल."

"आज शनिवार. कारखाना बंद झाला असेल."

"रूबेन असतो दुपारपर्यंत. मेबल म्हणते, घरी यायला नको म्हणून तिथंच रेंगाळतो."

हॉरेसने कोट घातला. बटणं लावताना त्याच्या लक्षात आलं की आपण देवाची करुणा भाकतोय, रूबेनला कुठेतरी घेऊन जा म्हणून. रूबेनलाच का, माळ्यालाच आग लागली तरी चालली असती.

माळ्याला आग लागलेली नव्हती. रूबेन मेजापाशी बसून ब्रेडवर चरबी लावून खात होता, आणि पलीकडे पॉलिश करणाऱ्या दोघी बायका घरी निघायच्या तयारीत हात धूत होत्या. हिल्डाचं बोट बघून रूबेन घाईने उठला. मग ते कोणतं बोट आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो सावकाश पुन्हा खाली बसला, हात पुसले, भिंग शोधून मेजावर ठेवलं.

"भिंग कशाला?" हॉरेस म्हणाला. "करवत पुरे."

"कापायला करवत," रूबेन म्हणाला. "भिंग नंतर लागेल. बस हिल्डा, हात ठेव इथं. पोरींनो, जाऊ नका, जरा थांबा. मोठ्या माणसाच्या घरची अंगठी आहे, असा योग रोज येत नाही."

दोघी पोरी थांबल्या. त्यातली एक चाळिशीची होती, पण रूबेनला सगळ्या पोरीच. दोघींच्याही अंगठ्या हॉरेसने केव्हा ना केव्हा वाचलेल्या होत्या आणि दोघींच्याही घरी त्यावरून काही ना काही बोलणं झालेलं होतं. त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला.

रूबेनने बोट आणि अंगठी यांच्यामध्ये पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, म्हणजे करवत मांसाला लागू नये. हिल्डाने ओठ मिटले. हॉरेसने तिचं मनगट धरलं होतं, पण करवत जवळ आली की तो ते मागे ओढत होता, म्हणून रूबेन म्हणाला, "अरे नीट धर, की मी तुलाही धरायला माणूस बोलावू?"

करवत चालू झाली. सोन्याचा बारीक भुगा खालच्या चामड्याच्या झोळीत पडत होता. हॉरेस तो भुगा बघत होता. बापाची साखळी आली त्याच्या डोळ्यांसमोर, पोटावरून लोंबणारी. त्याला वाटलं, आता हिला कळणार. रूबेन हसेल, गल्ली हसेल, पबात वर्षभर चालेल, ते एक वेळ सोसता येईल. पण हिला रूबेनच्या तोंडून कळणार. इतक्या वर्षांत एकदाही आपल्या तोंडून नाही, आणि आता रूबेनच्या.

'टक' असा आवाज झाला. अंगठी तुटली होती. रूबेनने दोन चिमट्यांनी ती फाकवली, बोटातून सोडवली आणि भिंग डोळ्याला लावलं.

"हिल्डा," हॉरेस म्हणाला, "आत काही नाही."

"कशाच्या आत?" हिल्डा बोट चोळत होती.

"अंगठीच्या. शिक्का नाही तिला. मीच केली होती, घरी. बाबांची साखळी आणि मावशीची ब्रोच वितळवून. बावीस वगैरे नाहीये. किती आहे मला माहीत नाही. तपासायला पाठवली नाही कधी, भीती वाटली. आणि ती आमच्या घराण्याची रीत... तीही खोटी. तू बघू नयेस म्हणून." एवढं तो एका दमात बोलला आणि मग त्याला आणखी एक आठवलं. "साखळी ट्राममध्ये हरवली म्हणालो होतो, तेही."

पॉलिशवाल्या बायकांपैकी एकीने टॉवेल उगाचच पुन्हा उचलला. हॉरेस रूबेनच्या हसण्याची वाट बघत होता. पण रूबेन हसत नव्हता. तो अंगठी दिव्याखाली धरून वळवत होता, भिंग काढून पुसत होता, पुन्हा लावत होता.

"तू बरा आहेस ना?" शेवटी त्याने विचारलं.

"का?"

"शिक्के आहेत हिला. इथं नांगर आहे. इथं अक्षर आहे, एफ." त्याने अंगठी आणखी वळवली. "पुसट झालेत, पण सगळे आहेत."

हॉरेसने अंगठी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली. नांगर होता. आपल्या हाताने घडवलेली अंगठी त्याने ओळखली, कडेला कानशीचा एक हलका ओरखडा राहिला होता तोही ओळखला, आणि तिच्या आत, जिथे काहीच असायला नको होतं तिथे, ओळीने खुणा होत्या. मुकुट मात्र नव्हता, तो अठरा-बावीसलाच असतो. आकडा होता पंधराचा. अक्षर एफ, म्हणजे साल तीस. लग्नानंतर चार वर्षांनी.

"हे कुणी..." तो म्हणाला आणि घडवणाऱ्याची अक्षरं वाचू लागला. त्या कारखान्याची होती ती, जिथे हिल्डा पुडक्या बांधायची.

"कचेरीत तपासायला जायच्या पुडकीत बारा अंगठ्या होत्या," हिल्डा म्हणाली. "मी तेरावी घातली. मालकांना विचारून घातली हो, चोरून नाही. मिस्टर ग्रेझली भला माणूस होता, म्हणाला, घाल, आमच्या नावाने जाऊ दे."

"तुला कधी कळलं?"

"काय? शिक्का नाही हे? लग्नाच्या आठवड्यातच. अरे, मी दिवसभर अंगठ्यांचे शिक्के मोजून पुडक्या बांधणारी बाई. मी स्वतःची अंगठी आतून बघणार नाही असं वाटलं तुला?"

खरं तर तसंच वाटलं होतं त्याला. जन्मभर तो लोकांना आत बघायला सांगत आला, आणि आपली बायको बघणार नाही हे तो धरून चालला होता.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाट बघत होते, तू कधी सांगतोस. चार वर्षं बघितली. मग एकदा तू माझ्या बहिणीची अंगठी वाचून तिच्या नवऱ्याला ख्रिसमसच्या जेवणावर लाज आणलीस. तेव्हा इतका राग आला, म्हटलं, याने आपल्याला काय घातलंय ते तरी एकदा कळू दे."

"आणि कमी भरली असती म्हणजे? ठोकून चपटी करून दिली असती त्यांनी."

"दिली असती तर चपटी आणून तुझ्या बशीत ठेवली असती, पुडिंगच्या शेजारी." ती हसली. "पण पंधरा भरली. दोन दिवस धुमसत होते मी. मग विचार केला, बावीस सांगितलेत आणि पंधरा निघाले, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश खरं. नवऱ्यांच्या मानाने काही वाईट नाही."

पॉलिशवाल्या बायका आता उघड हसत होत्या. रूबेन मात्र हिशोबात गुंतला होता. "मेबलला मी अठरा सांगितले, निघाले नऊ," तो पुटपुटला. "म्हणजे मी निम्मा."

"एक राहिलंच," हिल्डा म्हणाली. "ती कचेरीत होती तेवढे दिवस माझ्या बोटात पडद्याची पितळी कडी होती. अख्खा आठवडा. हा माझ्यासमोर बसून जेवत होता, जगाच्या अंगठ्यांच्या गोष्टी सांगत होता. आणि हो, अंगठी काढली तरी मेला नाहीस."

यावर रूबेन जो हसला, त्याला मेजाचा आधार घ्यावा लागला. इतकी वर्षं ज्या सूडाची तो वाट बघत होता तो त्याला मिळाला होता, शिवाय पडद्याची कडी वर. हॉरेसला ओशाळायला झालं, खूप झालं. पण ओशाळेपणाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. या बाईला सगळं माहीत होतं, पहिल्यापासून, आणि तरी ती ही अंगठी घालून त्याच्याबरोबर राहिली होती. सूज नसती आली तर अजूनही बोलली नसती. त्याला तिचा हात धरावासा वाटला, पण तो सुजलेला होता.

"पुढे पुढे सांगावंसं वाटायचं," ती जरा हळू म्हणाली. "पण ती तुझी घराण्याची रीत तू इतक्या आवडीने सांगायचास. मग मी वाट बघायचंच विसरले."

थोड्या वेळाने रूबेनने डोळे पुसले आणि कामाचं काढलं. बोटाची सूज उतरली तरी सांधा पूर्वीइतका बारीक राहणार नव्हता, म्हणजे अंगठी जोडताना मध्ये नवा तुकडा घालून मोठी करावी लागणार. अडचण अशी की पंधरा कॅरेट आता बनवतच नसत, तो आकडा बंद होऊन जमाना झाला होता.

"कमी कसाचा घालता येत नाही. अठराचा घालू," रूबेन म्हणाला. "आहे एक तुकडा."

"बावीसचा आहे?" हॉरेसने विचारलं.

"आहे. पण रंग वेगळा दिसेल. जास्त पिवळा पडेल, जोड कळेल."

"कळू दे," हिल्डा म्हणाली.

हॉरेस म्हणाला, "मी करतो," आणि रूबेन जागेवरून उठला. हॉरेस त्याच्या मेजावर बसला, झोळी मांडीवर ओढली. तुटलेली टोकं त्याने कानशीने सरळ केली, बावीसचा बारीकसा तुकडा कापला, वाकवला, फटीत बसतो का बघितला, काढला, पुन्हा कानस मारली. नांगराला धक्का लागू नये म्हणून अंगठी तो अशी धरत होता की बघणाऱ्याला वाटावं अंडं आहे. बायका घरी जायचं विसरल्या होत्या.

"बघ हं," रूबेन म्हणाला, "शिक्का असलेल्या अंगठीत सोनं वाढवलं तर कायद्याने ती पुन्हा कचेरीत दाखवावी लागते. न विचारता केलं तर गुन्हा. सोमवारच्या पुडकीत टाकतो."

हॉरेसने मान हलवली. कायदा त्याला पाठ होता. "जाऊ दे," तो म्हणाला. "तपासू देत. या वेळी भीती नाही."

"नको," हिल्डा म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"तो तुकडा बावीसचा आहे ना?" तिने हॉरेसला विचारलं.

"आहे."

"तू म्हणतोस ना आहे म्हणून?"

"हो."

"मग कचेरी कशाला? एकदा विचारलं त्यांना, पुरे झालं. घाल तशीच."

हॉरेसने फुंकणी उचलली आणि सांधा झाळायला वाकला. डोळे भरल्यामुळे त्याला जोड नीट दिसेना. रूबेनने काहीही टोमणा न मारता दिवा त्याच्या बाजूला थोडा सरकवला.